चार जुन्या खुर्च्या, दोन वाटा: वेत-पॉलिश की फोम-रंग?

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून आम्ही चार सागवानी खुर्च्या आणल्या, प्रत्येकी ६०० रुपयांना. चारही एकाच घडणीच्या, बहुधा एखाद्या कचेरीतून निघालेल्या. सांगाडा भक्कम होता, पण बैठकीचा वेत चारही खुर्च्यांचा फाटलेला, सांधे डुगडुगणारे आणि हातांवर वर्षानुवर्षांचा काळपट, मेणचट थर. घरात लगेच दोन मतं पडली. आईला वेतच हवा होता. वहिनी म्हणाली, घरात चार वर्षांचं पोर आहे, वेत टिकायचा नाही, फोम घालून छान रंगवून टाकू. शेवटी दोन खुर्च्या आईच्या पद्धतीने आणि दोन वहिनीच्या पद्धतीने करायच्या ठरल्या. तेव्हापासून चारही एकाच टेबलाभोवती आहेत, त्यामुळे कोणती वाट कशी निभावली हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. जुन्या खुर्च्या घेऊन ठेवल्यात आणि पुढे काय करायचं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितेय.

एक गोष्ट मात्र दोन्ही वाटांना सारखी आहे, आणि माझ्या मते निम्मं काम तीच आहे: सांधे. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर कितीही सुंदर पॉलिश चढवा, सहा महिन्यांत ती तुम्हाला नकोशी होते. अशा खुर्चीला लोक सरळ खिळा मारतात. कृपा करून मारू नका. खिळ्याने आतलं कुसू, म्हणजे समोरच्या लाकडाच्या खाचेत बसणारं टोक, चिरतं आणि मग तो सांधा कायमचा जातो. आम्ही सैल झालेले सांधे रबरी हातोडीने हळूच ठोकून सोडवले. आत तपकिरी, काचेसारखा तडकणारा जुना सरस, म्हणजे पूर्वी सुतार वापरत तो चिकटवा, निघाला. त्याच्यावर फेव्हिकॉल लावून उपयोग नाही, कारण फेव्हिकॉलला उघडं लाकूड लागतं. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात भिजवलेलं फडकं कुसवाला गुंडाळून ठेवलं की सरस मऊ पडतो, मग तो खरवडून काढायचा आणि लाकूड पूर्ण वाळू द्यायचं. फेव्हिकॉल लावून सांधा बसवल्यावर आवळायला शिकंजा नव्हता, तर आईने सुती दोर चारही पायांभोवती दोनदा फिरवला आणि मधे लाटणं अडकवून पीळ दिला. शिकंज्याइतकं घट्ट बसलं. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात ना, हे फेव्हिकॉल ओला असतानाच बघायचं. नंतर २४ तास हात लावायचा नाही.

ढेकणांबद्दलही आधीच सांगते. वेताच्या भोकांत आणि सांध्यांच्या फटीत ते दडून बसतात आणि एक जुनी खुर्ची अख्खं घर हैराण करू शकते. फाटका वेत किंवा जुनी गादी घराबाहेरच काढून टाका. खुर्ची काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून भर उन्हात ठेवा. आतली उष्णता ५० अंशांच्या आसपास गेली की ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. नुसत्या उघड्या उन्हात ते सावलीच्या बाजूला सरकतात. उकळतं पाणी ओतायचा मोह आवरा, सरसाचे सांधे त्याने सुटतात. आणि लाकडाला बारीक भोकं असून खाली पिवळसर भुकटी पडत असेल, तर आत लाकूड पोखरणारी कीड आहे, ती खुर्ची घेऊच नका.

आईच्या दोन खुर्च्या

वेत विणायला जे काका आले त्यांना दिसत नव्हतं. खुर्च्या विणणं आपल्याकडे अंधशाळांमधून पूर्वापार शिकवलं जात आलंय आणि या कामात अनेक अंध कारागीर आहेत. काकांनी आधी बैठकीच्या कडेने बोट फिरवून भोकं मोजली, पुढच्या आणि मागच्या पट्टीची मधली भोकं शोधली आणि तिथे एकेक लाकडी खुंटी रोवली. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत पडल्या होत्या. पहिली पट्टी मधून ओढली, मग दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या. इथपर्यंत ती चौकटीची जाळी दिसते. मग तिरप्या पट्ट्या शिरल्या आणि एकेक चौकोन डोळ्यांदेखत अष्टकोनी होत गेला. प्रत्येक पट्टी घालताना काका अंगठ्याने तिची गुळगुळीत बाजू चाचपून वरच्या अंगाला घेत होते. एका खुर्चीला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. ओला वेत हाताला थोडा सैल वाटतो, रात्रभर वाळला की ढोलकीसारखा ताणला जातो.

खुर्चीमागे १,२०० रुपये दिले. त्या कामापुढे मला ते कमीच वाटतात.

लाकडाला आम्ही चपड्याचं, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचं पॉलिश केलं, स्वतःच्या हाताने. आधीचं पॉलिश कशाचं आहे ते कळायला सोपी युक्ती आहे: कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावायचा. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचंच. मग तासायची किंवा जाळायची गरज नाही, स्पिरिट आणि काथ्याने घासून थर निघतो. नंतर १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साधारण १०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला, सकाळी फडक्यातून गाळला. कापसावर मलमल गुंडाळून पुरचुंडी केली आणि पातळ पातळ हात देत गेलो. तीन दिवसांत आठ-नऊ हात झाले. खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस काय, देवघरातलं निरांजनही आसपास नको. सागाच्या ज्या रेषा त्या काळ्या थराखाली गाडल्या गेल्या होत्या, त्या तिसऱ्या हातालाच वर आल्या. आईने त्या दिवशी हातातलं काम टाकून नुसतं बघत उभं राहिलेलं मला आठवतं.

तीन वर्षांनंतरचा हिशोब सांगते. वेत एकदाही बदलला नाही. एका खुर्चीची बैठक दुसऱ्या उन्हाळ्यात थोडी खोल गेली, तेव्हा उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याचं ओलं फडकं फिरवलं आणि सावलीत वाळवली, पुन्हा ताणली गेली. पॉलिशवर गरम चहाच्या कपाची पांढरी कडी उमटते, ही चपड्याची खरी उणीव. पण स्पिरिटची पुरचुंडी फिरवली की कडी जाते. तेवढ्याच जागेची दुरुस्ती होते, ही त्याची मोठी सोय. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही फवाऱ्याने मारायची पॉलिशं याहून कणखर असतात, पाण्याला दाद देत नाहीत, पण एकदा ओरखडा पडला की तेवढंच दुरुस्त करणं अवघड आणि फवारणीचं काम घरी जमणारं नाही. कमी खर्चात करायचं तर मी चपडाच सांगेन. फक्त पावसाळ्यात हात लावू नका. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकं सावट धरतं. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचे महिने चांगले.

वेताला घाबरायचं ते एकाच कारणासाठी: एका बिंदूवर पडणारं वजन. बसणाऱ्याचा भार सगळ्या जाळीवर वाटला जातो, पण गुडघा टेकून चढणारं मूल, किंवा पंखा पुसायला खुर्चीवर उभं राहणारा माणूस, एका क्षणात जाळी फाडतो. एक पट्टी तुटली की शेजारच्यांवर ताण येतो. आमच्याकडे यावर नियम आहे आणि सगळे तो पाळतात. तुमच्याकडे पाळला जाईल का, हे तुम्हालाच माहीत.

वहिनीच्या दोन खुर्च्या

बारा मिलिमीटरचा प्लाय बैठकीच्या मापाने कापला, त्यावर ४० डेन्सिटीचा, म्हणजे चांगला घट्ट, दोन इंची फोम आणि वर सोलापुरी चादर. कापड म्हणून ही चादर मला आजही सगळ्यात चांगली वाटते. सुती असल्याने उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही, विण जाड, आणि एका सिंगल चादरीत अठरा इंची बैठकीची सहा कव्हरं निघतात. आधी धुऊन घ्या, म्हणजे नंतर आटणार नाही. रेक्झिन पुसायला सोपं, हे खरं, पण आपल्या हवेत स्वस्त रेक्झिनची सालं निघतात आणि घामाने मांड्या चिकटतात. कापड मागे ओढून स्टेपलरने ठोकायचं, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने, कोपरे सगळ्यात शेवटी. दोघींनी मिळून एका दुपारी दोन्ही बैठका केल्या.

चूक झाली ती उंचीची. वेताच्या जागी प्लाय आणि फोम वर बसला, म्हणजे बैठक अडीच इंच वर गेली. आधी ती १७ इंचांवर होती, आता साडेएकोणीस. बसल्यावर फोम थोडा दबतो, तरी आईचे पाय जमिनीला धड टेकेनात आणि पंधरा मिनिटांत तिच्या पोटऱ्या भरून यायला लागल्या. तिला तसं बसलेलं बघून फार वाईट वाटलं. आम्ही एक इंची फोम आणून पुन्हा सगळं उसवलं. तुम्ही हे आधीच मोजा: जेवणाच्या खुर्चीची बैठक १७-१८ इंचांच्या वर नको, घरात वयस्क माणसं असतील तर नक्कीच नको.

एक गोष्ट मात्र सुतारदादांनी सांगितली म्हणून बरोबर झाली. प्लाय खालून चार स्क्रूंनी बसवला, वेताची भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवली नाहीत. उद्या वाटलं तर बैठक सोडवून पुन्हा वेत विणता येतो. फोमची वाट धरणार असाल तर एवढं नक्की करा.

रंगकाम थोडक्यात. पॉलिशपेपर, प्रायमर, खड्ड्यांत लांबी, पुन्हा पॉलिशपेपर, मग ऑइल पेंटचे दोन हात. जुन्या पॉलिशची चकाकी नीट घासली नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पाण्यात मिसळणारा इनॅमल घेतलात तर वास बराच कमी. तुमच्या खुर्चीवर आधीच जुना ऑइल पेंट असेल तर मात्र तो कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी लावून वॉटरपेपरने घासा, मास्क लावा, मुलांना दूर ठेवा आणि फडकी टाकून द्या.

तीन वर्षांत या दोन खुर्च्यांचं कापड एकदा बदललं, उरलेल्या चादरीतूनच. रंग पायांच्या टोकांना गेला, कारण रोज लादी पुसताना तिथे पाणी लागतं. पायांना रबरी बुटं घातली असती तर कमी गेला असता. सांडलेली आमटी मात्र फोममध्ये मुरते आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास धरतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कव्हर काढून धुता येईल असंच शिवा.

पैसे

खुर्ची, फेव्हिकॉल आणि पॉलिशपेपर धरून दोन्हीकडे ७४० सारखेच. त्यावर वेत १,२०० आणि चपडा-स्पिरिट २५०, म्हणजे आईची एक खुर्ची २,१९० ला पडली. वहिनीच्या एका खुर्चीला प्लाय १५०, फोम २८०, चादरीचा वाटा २५०, रंगाचं सामान २८०, एकूण १,७००. हे आमच्याकडचे तेव्हाचे भाव, तुमच्या गावात वेगळे असतील. फरक ४९० चा. मला वाटलं होतं दुप्पट असेल. आणि वाया गेलेला दोन इंची फोम मी त्यात धरलेला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लाकूड सागवान किंवा शिसवी असेल, बैठकीला भोकं असतील आणि विणणारा कारागीर मिळत असेल, तर वेत आणि चपडा. दोन-तीन वर्षांत घर बदलणार असाल, घरात खुर्चीवर चढणारी मुलं किंवा नखं घासणारी मांजर असेल, किंवा लाकूडच डागाळलेलं, जोडकामाचं असेल, तर फोम आणि रंग. भोकांऐवजी बैठकीच्या कडेला खाच दिसली तर तिथे हाताने विणलेला वेत बसत नाही, तयार जाळी फेव्हिकॉल आणि पट्टीने खाचेत दाबून बसवतात. ते काम स्वस्त, पण एका जागी फाटलं की सगळी जाळी बदलावी लागते. आणि वाकवलेल्या लाकडाची, इराणी हॉटेलांत असायची तशी खुर्ची मिळाली तर तिला यातलं काहीच करू नका. मायकेल थोनेट या युरोपातल्या फर्निचर कारागिराने १८५९ मध्ये काढलेल्या त्या घडणीत सांधे स्क्रूचे असतात. स्क्रू आवळा, चपड्याचे दोन हात द्या, पुरे.

पुतण्या आता सात वर्षांचा झालाय. मागच्या आठवड्यात वहिनी स्वतःच म्हणाली की तिच्या दोनपैकी एक खुर्ची पुन्हा वेताची करू या. परवा आम्ही ती उलटी करून चार स्क्रू काढले. भोकं सगळी शाबूत आहेत. दुसरी तशीच राहील, पुतण्या अभ्यासाला त्याच खुर्चीवर बसतो आणि ती द्यायला तयार नाही. काकांना फोन केलाय, दिवाळी झाली की येतो म्हणालेत.