अकरावी-बारावीचा क्लास निवडताना: मोठा क्लास, गावातले सर की घरची शिकवणी, डाउट सेशनच्या अटी बघून ठरवा

दहावीचा निकाल लागला की जळगाव काय, धुळे काय, नंदुरबार-भुसावळ काय, सगळीकडे एकच विषय, पोराला कुठे टाकायचं. आणि ठरवताना लोकं बघतात फ्लेक्सवरचे फोटो, मागच्या वर्षीचा रिझल्ट आणि फी. हे बघाच, पण त्याच्याआधी ऍडमिशन फॉर्म हातात घ्या आणि डाउट सेशनबद्दल, म्हणजे लेक्चर सोडून जो वेळ पोराला विचारायला मिळतो त्याबद्दल, त्यात काय लिहिलंय ते वाचा. लेक्चर सगळीकडे साधारण सारखंच होतं हो. पोरगं मागे पडतं ते लेक्चर संपल्यावर, घरी गणित सुटत नाही आणि विचारायला कोणी नसतं तेव्हा. दोन-तीन महिने असे गेले की मग ते विचारणंच सोडून देतं आणि घरी सांगतं सगळं समजतंय.

आपल्याकडे मुख्य तीन पर्याय दिसतात, जळगाव-धुळ्यातला मोठा क्लास, तालुक्यातल्या किंवा गावातल्या सरांची बॅच, आणि घरी येणारे ट्यूटर. ऑनलाइन चौथा, त्याच्यावर शेवटी थोडं.

मोठ्या क्लासचं आधी बघू. इथे कागद असतो ही पहिली चांगली गोष्ट. छापील फॉर्म, पावती, टाइमटेबल, टेस्ट सिरीज सगळं असतं, एक सर आजारी पडले तर दुसरे येतात, पोर्शन वेळेत संपतो. पण त्याच फॉर्ममध्ये डाउटबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते, डाउट सॉल्व्हिंगची सुविधा उपलब्ध राहील. कधी, किती वेळ, कोण बसणार, एका वेळी किती पोरं, काही नाही. आणि खाली अजून एक ओळ, शिक्षक, बॅच आणि वेळ बदलण्याचा अधिकार मॅनेजमेंटकडे राहील. या दोन ओळी एकत्र वाचल्या की तुमच्या लक्षात येईल की क्लासने डाउटसाठी ठोस असं काहीच कबूल केलेलं नाही.

आता साधा हिशोब करा. समजा रोज दोन तास डाउट काउंटर आहे आणि ८० पोरांच्या तीन बॅच आहेत, म्हणजे १२० मिनिटं आणि २४० पोरं, वाट्याला अर्धा मिनिट. सगळे रोज येत नाहीत हे खरं, पण टेस्टच्या आदल्या दिवशी सगळेच येतात, आणि नेमका त्या दिवशी लाजाळू पोराचा नंबर लागत नाही. म्हणून काउंटर आहे का नाही एवढंच विचारू नका, विचारा की माझ्या पोराच्या बॅचसाठी आठवड्यात ठरलेली वेळ किती आणि तिथे तेच सर बसतात का जे शिकवतात. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर नुकतंच इंजिनिअरिंग झालेला पोरगा बसवलेला असतो, तो हुशार असेलही, पण सरांनी वर्गात कोणत्या पद्धतीने घेतलं ते त्याला माहीत नसतं आणि पोरगं अजून गोंधळतं.

दुसरा मुद्दा वेळेचा आणि तो आपल्या खान्देशात सगळ्यात मोठा आहे. पारोळा, एरंडोल, धरणगाव, जामनेर इकडून कितीतरी पोरं रोज अपडाउन करतात. डाउट सेशन जर शेवटच्या लेक्चरनंतर संध्याकाळी ठेवलं असेल तर या पोरांसाठी ते नसल्यातच जमा, कारण गाडी निघून जाते. मुलींना तर बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण तो एसटीतच चालतो, सेशनसाठी थांबल्यावर अंधारात जीप-रिक्षा शोधायची वेळ आली तर आईवडील दुसऱ्या दिवसापासून थांबूच देत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. तेव्हा फॉर्म भरतानाच सांगा की अपडाउनच्या पोरांना डाउटची वेळ दुपारी किंवा दोन लेक्चरच्या मध्ये पाहिजे आणि ते पावतीच्या मागे का होईना लिहून घ्या. कबूल झाले तर क्लास चांगला समजा. टाळाटाळ केली तर फीमध्ये सवलत दिली तरी मी अपडाउनच्या पोराला तिथे टाकणार नाही. हॉस्टेलला राहणारं पोरगं असेल तर गोष्ट वेगळी, त्याला संध्याकाळचं काउंटर उलट सोयीचं पडतं.

अजून एक, क्लासवाले सांगतात की अमुक कॉलेजला ऍडमिशन आम्ही करून देतो, वेळ जुळवून घेऊ. २०२५-२६ पासून अकरावीचं ऍडमिशन पूर्ण राज्यात ऑनलाइन झालंय, कॉलेज लागतं ते पसंतीक्रम आणि मार्कांवर. म्हणून कॉलेज कोणतं लागलं आणि त्याची वेळ काय हे कळल्यावरच डाउटची वेळ पक्की करा.

आता गावातले सर. इथे कागद नसतो, सगळं तोंडी. पण पोरं कमी असतात, २०-२५ ची बॅच, सर सगळ्यांना नावाने ओळखतात, बाप कोण, घरी अभ्यासाला जागा आहे का नाही, सगळं माहीत असतं. डाउटला वेगळी वेळ नसली तरी बॅच संपल्यावर अर्धा-पाऊण तास सर बसतात, एकाने विचारलं की बाकीचेही ऐकतात, त्यामुळे वेळ वाटून जात नाही, वाढतो. फीचंही असं की कापूस विकला की देतो, केळीचा पैसा आला की देतो, हे चालून जातं. ही सोय मोठ्या ठिकाणी मिळत नाही आणि शेतकरी घराला तिची खरी किंमत कळते.

कमी काय, तर सरांना काही झालं तर बदली कोणी नाही. लग्नसराईत सुट्ट्या होतात. कानबाईच्या सणाला, पोळ्याला, दिवाळीला किती दिवस बंद आणि ते भरून कधी काढणार हे ठरलेलं नसतं, मग जानेवारीत पोर्शन पळवायला लागतो आणि पहिला बळी डाउटच्या वेळेचा जातो. टेस्ट होतात पण पेपर तपासून परत मिळतीलच असं नाही. शिवाय फिजिक्सला एक सर, मॅथ्सला दुसरे, बायोलॉजीला तिसऱ्या गावाला, म्हणजे पोराची धावपळ.

म्हणून माझा आग्रह आहे की गावातल्या सरांकडूनही एक पानाचं लिहून घ्या. यात अविश्वास काही नाही, बहुतेक चांगले सर आनंदाने देतात, त्यांनाही फीच्या तारखा लिहिलेल्या पाहिजेच असतात. त्या पानावर काय असावं ते सांगतो. आठवड्यात शिकवणीचे दिवस किती आणि डाउटचा एक ठरलेला दिवस कोणता. बॅचमध्ये जास्तीत जास्त पोरं किती. सरांनी सुट्टी घेतली तर पंधरा दिवसांच्या आत भरून देणार. पोरगं आजारपणाने चार दिवस आलं नाही तर त्याला काय, नुसत्या नोट्स का पंधरा मिनिटं वेगळी. टेस्टचा पेपर किती दिवसात तपासून मिळणार. आणि मध्येच सोडलं तर पैशाचं काय. एवढंच. दोघांची सही, एक प्रत घरी.

त्याच पानावर पोराची बाजूही लिहा, कारण अपेक्षा एकतर्फी नसते. डाउटला येताना गणित वहीत निदान तीन-चार ओळी सोडवून आणायचं, कुठे अडलं ते दाखवायचं. पूर्ण धडा पुन्हा शिकवा असं डाउट सेशनमध्ये चालत नाही, त्याने बाकीच्या पोरांचा वेळ जातो. वेळेवर यायचं, मोबाइल दप्तरात. परीक्षेच्या आदल्या दिवशी तीन धड्यांचे डाउट घेऊन उभं राहायचं नाही. आणि आईवडिलांनी महिन्यातून एकदा वही उघडून बघायची, इंग्रजी कळत नसलं तरी तारखा कळतात, डाउटच्या दिवशी वहीत काही लिहिलंय का कोरंच आहे ते कळतं.

घरी येणाऱ्या ट्यूटरमध्ये मिनिटांचा प्रश्नच नाही, पूर्ण तास तुमच्याच पोराचा. पण पूर्ण पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी, घरी लावणं महाग पडतं आणि गरजही नसते. एखादा विषय कच्चा असेल, समजा मराठी मिडियममधून आलेल्या पोराला फिजिक्सची इंग्रजीच झेपत नाही, तर जून ते दिवाळीपर्यंत त्या एका विषयाला लावा, तेवढा पैसा सार्थकी लागतो. इथे फी महिन्यावर ठरवू नका, तासिकांवर ठरवा, म्हणजे महिन्यात १२ तासिका, प्रत्येकी दीड तास, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांनी खूण करायची. कोणाला रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशी कळवायचं, ऐनवेळी तुम्ही रद्द केलं तर तासिका धरायची, त्यांनी केलं तर भरून द्यायची. शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडं, घरात कोणीतरी मोठं माणूस, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आठवीपर्यंतच्या लहान भावंडांसाठी शाळेतल्याच शिक्षकांना विचारायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे.

परीक्षा कोणती द्यायची त्यावरही निवड बदलते. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तिला ३ तासात १८० प्रश्न, ७२० मार्क आणि चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. तिथे टेस्टनंतर पेपर घेऊन बसणं, हा प्रश्न का चुकला, अंदाजाने मारला का धडा कच्चा होता हे बघणं, यावरच मार्क वाढतात, आणि हे सेशन टाइमटेबलमध्ये लिहिलेलं मोठ्या क्लासमध्येच जास्त दिसतं. सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंग-फार्मसी वगैरेची प्रवेश परीक्षा, तिला निगेटिव्ह नाही, अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, तिथे बेसिक पक्कं आणि स्पीड पाहिजे, ते गावातल्या चांगल्या सरांकडे आरामात होतं.

पैशाच्या अटी. फॉर्मवर फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही असं छापलेलं असतं आणि लोकं ते बघून गप्प बसतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ५० पेक्षा जास्त पोरं असलेल्या क्लाससाठी. त्यात आहे की पूर्ण फी भरून पोराने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसात परत द्यायची, कोर्स चालू असताना फी वाढवायची नाही, बॅचमधली संख्या माहितीपत्रकात सांगायची आणि मध्ये वाढवायची नाही, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त वर्ग नाही, आठवड्याला एक सुट्टी, रँकची गॅरंटी द्यायची नाही. या सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांकडे आहे, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका, पण ऍडमिशनच्या टेबलावर त्या दाखवून आपल्या अटी लिहून घ्यायला त्यांचा खूप उपयोग होतो. लिहून दिलेलं पाळलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती पक्कीच घ्या, नाहीतर यातलं काहीच हाताला लागत नाही.

हप्त्यांची सोय आहे असं सांगून काही ठिकाणी सही घेतात ती कर्जाच्या कागदावर असते. फायनान्स कंपनी क्लासला पैसे देऊन मोकळी, आणि पोराने क्लास सोडला तरी तुमच्या खात्यातून ईएमआय कटत राहतो. हप्ता क्लासलाच द्यायचा आहे का कंपनीला, एवढं विचारल्याशिवाय सही करू नका, आधार आणि कोरा चेक तर अजिबात देऊ नका.

ऑनलाइनबद्दल, अक्कलकुवा-धडगावकडे जिथे जवळपास चांगला क्लासच नाही तिथे ते वरदान आहे, पण लाइट आणि नेटवर्क बघा, आणि डाउटचं उत्तर लाइव्ह मिळतं का फोटो टाकून दुसऱ्या दिवशी, तेही किती महिन्यांपर्यंत, ते आधी तपासा.

मी आज कोणाला सांगायचं झालं तर असं सांगेन, रोज अपडाउन असेल आणि सीईटी द्यायची असेल तर गावातले सर आणि एक पानाचा करार, नीट आणि हॉस्टेल असेल तर मोठा क्लास पण डाउटची वेळ पावतीवर, आणि एकच विषय अडत असेल तर त्याला घरी तासिका. डेमो लेक्चरला बसवतात तेव्हा म्हणा की लेक्चर नको, पोराला एका डाउट सेशनला बसू द्या. तेही टेस्टच्या आदल्या दिवशीच्या.