सीएचडीमॅन : जुन्या डिस्क नीट जपणारे साधन
पहिल्या प्लेस्टेशनच्या माझ्या डिस्कच्या प्रतिमा, म्हणजे डिस्कवरील माहितीच्या हुबेहूब प्रती, जपण्यासाठी मी मेम या जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रकल्पातील ‘सीएचडीमॅन’ हे मोफत साधन वापरतो आणि ते मला मनापासून आवडते. बिन (डिस्कवरील माहिती) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशा विखुरलेल्या फायलींची ते एकच आटोपशीर, आवळलेली सीएचडी फाईल करते, आणि तरीही २३५२ बाइटांच्या सेक्टरांतील (डिस्कच्या छोट्या तुकड्यांतील) माहिती व फ्लॅक या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने आवळलेले संगीत यांतले काहीही गमावत नाही. एकच ट्रॅक असलेल्या खेळाची फाईल पुन्हा उलगडून तिचा एसएचए-१ ठसा (फाईलच्या माहितीवरून काढलेला ओळख-अंक) मूळ फाईलशी ताडून पाहिला, तेव्हा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. मात्र युरोपीय आवृत्तीतील काही खेळांचे लिबक्रिप्ट हे नक्कलविरोधी संरक्षण सबचॅनेलमध्ये, म्हणजे डिस्कवरील मुख्य माहितीसोबतच्या जोड-माहितीत, असते आणि ते बिन-क्यू जोडीत येतच नाही, म्हणून ती जोड-माहिती असलेली एसबीआय फाईल शेजारी वेगळी ठेवावीच लागते. सगळ्या आज्ञा टंकून द्याव्या लागतात, हे नवख्याला जड जाईल.