अर्डुइनो आयडीई २ : आधी अर्धा तास सेटिंगला द्या, मग कोड लिहा

चोपड्याकडे आमची केळी आहे, ठिबकचे व्हॉल्व आणि मोटर चालवायला ईएसपी-३२ (कोड टाकून चालवायची छोटी चिप) वर कंट्रोलर बनवतोय, त्यामुळे वर्षभर रोज अर्डुइनो आयडीई २, म्हणजे असा कोड लिहून चिपमधे टाकायचा लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम, उघडं असतं. सप्टेंबर २०२२ मधे २.० आलं तेव्हा मी जुनं १.८ सोडायला तयारच नव्हतो, ते हलकं होतं, जुन्या लॅपटॉपवर पण पळायचं. हे जड आहे, उघडायला वेळ घेतं, मान्य. पण सेटिंग मनासारखी लावल्यापासून मला परत जायचं नाहीये.

सगळ्यात आधी वॉर्निंग, म्हणजे कोडमधे काही संशयास्पद दिसलं की मिळणारा इशारा. फाईल मेनूतून प्रेफरन्सेस उघडा, कंट्रोल आणि कॉमा दाबलं तरी चालतं. तिथे कंपायलर (आपला कोड चिपच्या भाषेत बदलणारा भाग) वॉर्निंग्ज 'नन' वर असतं, ते 'ऑल' करा. का सांगतोय, तर मार्चमधे माझी मोटर काही केल्या बंदच होईना, रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) बदलला, वायरी तपासल्या, शेतीची लाईट रात्रीची म्हणून बारा वाजता बॅटरी घेऊन स्टार्टरपाशी उभा, आणि चूक काय तर इफच्या कंसात दोनदा बरोबर चिन्ह हवं तिथे एकदाच टाकलेलं, म्हणजे 'मोड १ आहे का' हे तपासण्याऐवजी दरवेळी मोडमधे १ भरला जायचा आणि अट कायम खरी. 'नन' वर असलं की हे गपचूप कंपाईल होतं. 'ऑल' केल्यावर खाली आउटपुटमधे ओळ नंबरासकट दाखवलं. हे पहिल्यापासून चालूच यायला पाहिजे होतं असं माझं ठाम मत आहे, नवीन पोरांना याचीच जास्त गरज असते.

थीमचं म्हणाल तर घरी डार्क छान वाटते पण बांधावर उन्हात त्यात काहीच दिसत नाही. शेतात मी लाईट हाय कॉन्ट्रास्ट लावतो, फॉन्ट १८ करतो. काका शेजारी बसून बघत होते, थीम बदलल्याबरोबर म्हणे, "आते दिसस माले रे भो." दरवेळी हाताने बदलावं लागतं तेवढा त्रास आहे.

ऑटो सेव्ह चालू असतं, त्याला हात लावू नका. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली की झालं.

आता खरी मजेची सेटिंग प्रेफरन्सेसच्या त्या छोट्या खिडकीत नाहीच. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून कमांड पॅलेट उघडायचं, त्यात 'ओपन सेटिंग्ज' टाइप करायचं, मग पूर्ण यादी येते, वर शोधायला जागा पण आहे. एवढं लपवून का ठेवलंय समजत नाही, मला तर सहा महिने पत्ताच नव्हता. मी कॉमेंट मराठीत लिहितो (व्हॉल्व कुठला, कुठल्या वाफ्याचा, हे काकांना पण वाचता यावं म्हणून) आणि वरच्या मात्रा, खालचे उकार दाटीवाटीने बसायचे. तिथे 'एडिटर लाईन हाइट' वाढवली आणि फॉन्ट फॅमिलीत कोडच्या फॉन्टनंतर नोटो सान्स देवनागरी जोडला, आता 'पूर्वेचा व्हॉल्व' स्वच्छ वाचता येतं.

कंट्रोल टी ने कोड आपोआप ओळीत येतो पण आतल्या ओळींच्या सुरुवातीला जागा दोनच सोडतो, मला चार लागतात. त्यासाठी स्केचच्या (अर्डुइनोत आपल्या प्रोग्रॅमला स्केच म्हणतात) फोल्डरमधे डॉट क्लँग-फॉरमॅट नावाची फाईल करून इंडेंट विड्थ ४ लिहायचं, झालं काम.

हे सगळं एकदा जमलं की सेटिंग्ज डॉट जेसन ही फाईल जपून ठेवा, युजर फोल्डरमधल्या डॉट अर्डुइनोआयडीई फोल्डरात असते. भाचा धुळ्याला डिप्लोमा करतो, दिवाळीत आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर पेनड्राईव्हने टाकून दिली, फॉन्ट तेवढा वेगळा इन्स्टॉल करावा लागला, क्लँग-फॉरमॅटची फाईल स्केचच्या फोल्डरात असते म्हणून ती यात येत नाही, बाकी उघडल्याबरोबर माझ्यासारखंच सगळं.