बिडाच्या जुन्या बाथटबला घरच्या घरी नवा थर : इपॉक्सी संचाचा अनुभव

देवळाली कॅम्पमधील आमच्या जुन्या घरात आजोबांच्या काळापासूनचा बिडाचा बाथटब आहे. तो साडेपाच फूट लांब असून चार माणसांनाही सहज हलवता येत नाही. बाहेर काढायचा तर न्हाणीघराच्या दाराची चौकट तोडावी लागली असती, आणि आजोबांची ती वस्तू भंगारात जावी असे घरात कोणालाच वाटत नव्हते. मात्र बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याचा तळ पिवळा व खरखरीत झाला होता आणि काठावर दोन ठिकाणी टवके उडून गंज दिसू लागला होता. म्हणून बाथटबसाठीच विकला जाणारा दोन भागांचा इपॉक्सी संच 3,400 रुपयांना मागवला. रेझिनचा म्हणजे मूळ चिकट द्रवाचा डबा, तो घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली, फोमचा लहान रोलर आणि एक माहितीपत्रक एवढेच त्यात होते.

डब्यावर ‘नव्यासारखा टब’ असे छापले आहे, त्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. टबाचे मूळ इनॅमल म्हणजे सुमारे 800 अंश सेल्सिअस तापमानाला बिडावर वितळवून बसवलेली काच असते. संचातून मिळतो तो रंगाचा थर. तो चांगला रंग आहे, पण काच नव्हे, आणि म्हणूनच खालचा पृष्ठभाग जसा तयार होईल तसाच तो टिकतो.

माझी मुख्य तक्रार येथेच आहे. पूर्वतयारीला पत्रकाने दोन ओळी दिल्या आहेत, पण मला तिच्यासाठी पूर्ण तीन दिवस लागले. कडेचे जुने सिलिकॉन पात्याने खरवडून काढल्यावर लिंबूसताच्या पाण्यात भिजवलेली फडकी तळावर पसरून ठेवली आणि क्षार सुटेपर्यंत हे पुन्हा पुन्हा केले. त्यानंतर 400 नंबरच्या वॉटर पेपरने सगळा टब पाणी लावून घासला. जुन्या इनॅमलमध्ये शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवणे धोक्याचे आहे, याचा पत्रकात उल्लेखच नाही. गंज काढून टवक्यांत इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरली. घासणे पुरे झाले की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे : ओतलेले पाणी थेंबाथेंबांनी गोळा न होता सलग पसरले पाहिजे. ठिबकणारा नळही आधीच बंद करून घ्यावा, कारण ओल्या थरावर पडलेला एक थेंबही कायमचा डाग ठेवून जातो.

पहिला प्रयत्न मी डिसेंबरमध्ये केला, ती माझी चूक होती. नाशिकची थंडी सर्वांना ठाऊक आहे, आणि आमचे न्हाणीघर उत्तरेकडचे, दगडी भिंतींचे. इपॉक्सीचे घट्ट होणे ही रासायनिक क्रिया असल्यामुळे गारठ्यात ती फार मंदावते. चार दिवसांनंतरही थर बोटाला चिकटत होता आणि त्यावर ओशट साय आली होती. तो सगळा थर खरवडून, दुसरा संच आणून, फाल्गुनात पुन्हा काम केले, तेव्हा तोच रंग दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला कोरडा लागला. पावसाळ्यात दमट हवेमुळे असाच त्रास होईल, म्हणून आपल्याकडे होळीच्या सुमाराचे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात. मिश्रण थोडे थोडेच कालवावे. भांड्यात एकत्र राहिल्यास ते स्वतःच्या उष्णतेने तापते आणि वेळेआधीच घट्ट होऊ लागते.

वाफांबद्दल मात्र अधिक गांभीर्याने लिहिणे भाग आहे. जुना थर काढण्यासाठी एका दुकानदाराने मला मिथिलीन क्लोराइड असलेले रसायन सुचवले होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती टबातच साचते आणि वाकून काम करणारा माणूस नेमकी तीच श्वासात घेतो. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात बाथटबचे काम करताना याच रसायनाने 13 जणांचा मृत्यू झाल्याची नोंद तेथील सरकारी यंत्रणांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केली आहे. ते रसायन मी घेतले नाही. कोणीही घेऊ नये. इपॉक्सी लावतानाही खिडकी उघडी ठेवून, बाहेर हवा फेकणारा पंखा लावून, नायट्राइल हातमोजे आणि रासायनिक वाफांसाठीचा कार्ट्रिजचा मास्क घालूनच बसावे. कोरोनाकाळात आपण वापरलेला एन-95 मास्क वाफ अडवत नाही.

दोन पातळ हात दिल्यावर आणि सात दिवस पाण्याचा थेंबही न लागू दिल्यावर जो टब समोर आला, तो पाहून आईचे डोळे पाणावले. पांढरा रंग एकसारखा आहे, चकाकी मूळ इनॅमलपेक्षा किंचित मऊ वाटते आणि रोलरच्या खुणा तिरप्या उजेडातच दिसतात. आज पाच महिन्यांनंतर फक्त पाणी जाण्याच्या जाळीभोवती नखाएवढा पोपडा सुटला आहे. तेथील क्षार मी पुरते काढले नव्हते. बिडाच्या जड टबासाठी हा संच मी निःसंकोच सुचवेन. अंगाच्या भाराने लवचणाऱ्या फायबरच्या टबासाठी, किंवा घरात एकच न्हाणीघर असेल तर, तो घेऊ नये. आता आम्ही टब मऊ फडके आणि सौम्य साबणाने पुसतो, आणि रबरी चोषकांची चटई त्यात ठेवत नाही, कारण ती उचलताना खालचा थर तिच्याबरोबर निघून येतो.