ताराचक्र घेताय? आधी मागची बाजू वाचा

दादरला एका प्रदर्शनात १८० रुपयांना हे ताराचक्र घेतलं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधोमध रिबीट. तारीख वेळेसमोर आणली की लंबगोल खिडकीत त्या वेळचं आकाश येतं. नातू सात वर्षांचा, त्याला पाच मिनिटांत जमलं. नात पाचाची, तिने त्याचं स्टिअरिंग केलं आणि गच्चीभर बस चालवली.

फेब्रुवारीतली गोष्ट, रात्री नऊचा सुमार. गोरेगावची आमची गच्ची. टॉर्चला लाल जिलेटिन बांधलं, म्हणजे डोळे दिपत नाहीत. चक्र डोक्यावर धरून बघायचं. टेबलावर ठेवलंत तर पूर्व-पश्चिम उलटी वाटते. मुंबईच्या उजेडात बारीक तारे विसराच, पण मृग दिसतो. चार पाय, पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे, ती रेघ खाली वाढवली की थेट व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. ‘‘आजी, रक्त आलं बघ!’’ नातीने मृगाच्या एका पायाच्या लालसर ताऱ्याकडे, काक्षीकडे बोट केलं. लाल तारे त्यातल्या त्यात थंड, दुसऱ्या पायाचा तारा राजन्य निळसर म्हणून जास्त तापलेला, असं मी सांगून पाहिलं. तिला रक्तच पटलं.

घोळ पुढे झाला. दक्षिणेला टाकीच्या वर अगस्त्य तारा चमकत होता, चक्रात त्याचा पत्ताच नाही. नातू म्हणाला, विमान असेल. विमान एवढा वेळ थांबतं होय? खाली येऊन चष्मा लावला तेव्हा मागे बारीक अक्षरांत सापडलं: ४० अंश उत्तर अक्षांशासाठी. मुंबई १९ वर! चाळिसावरून अगस्त्य उगवतच नाही. ध्रुवही तिथे चाळीस अंश उंच. आपल्याकडे जेमतेम दोन मुठी. (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश.) आमच्या उत्तरेला टॉवर आहे, ते सोडा.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, ‘‘आकाश काय मावशी, सगळीकडे एकच.’’

मृग, रोहिणी, सप्तर्षी दाखवायला चालेल. पण २० अंशांच्या आसपासचं मिळालं तर तेच घ्या. आणि सहाच्या आतल्या पोरांना चक्र नको, नुसती गच्ची पुरे.

नातीने माझी टिकली काढून व्याधाच्या सरळ खाली, चकतीच्या कडेला अगस्त्य म्हणून चिकटवली. अर्धी बाहेरच आहे. चक्र फिरवलं की अडकते.