साग की जिताडा?

भाची दापोलीला शिकते. एमएस्सीच्या प्रबंधाला सागाची वाढ घेऊ की जिताडा या माशाचं पचन, म्हणून चार दिवस माझं डोकं खातेय.

वेळेचं बघ. सागाचा घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, मोजायचा. दोन वर्षांत टेपवर फारसं काही हलत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या वयाच्या लागवडी शोधाव्या लागतील. सागाच्या खोडातली वर्षवलयं स्पष्ट असतात, त्यांवरून वय मोजता येतं, तेवढा दिलासा. मासा मात्र दोन महिन्यांत उत्तर देतो.

गंमत माशातच जास्त, हे माझं मत. जिताडा मांसाहारी, त्याचं आतडं आखूड. गाळ-शेवाळ खाणाऱ्या बोयटाचं लांबलचक, आणि जठर कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या जठरासारखं जाड. रोहूला तर जठरच नाही!

खर्चात साग स्वस्त: टेप, उंचीमापक, पायपीट. माशाला टाक्या, हवेचा पंप, रसायनं. शिवाय आतड्याचे नमुने सतत गोठवलेले हवेत, आणि पावसाळ्यात आमची वीज कशी असते ते ठाऊकच आहे.

चिकाटी आणि जुन्या नोंदी असलेली लागवड हाताशी असेल तर साग घे. मुदतीत प्रबंध संपवायचाय, प्रयोगशाळेला जनरेटर आहे आणि चिरफाडीची किळस नाही, तर जिताडा.