गुडघ्यातून ‘पू’ काढणारे डॉक्टर घरी आले तर

गुडघेदुखी घरी येऊन बरी करतो म्हणणाऱ्या टोळीने आमच्या बाबांकडून २ लाख १३ हजार रुपये नेले. त्याहून भयंकर म्हणजे, मधुमेह असलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या ७६ वर्षांच्या माणसाच्या पायावर त्यांनी ब्लेड चालवलं. मुंबई-पुण्यात असे प्रकार पूर्वीही घडलेत आणि पद्धत जवळपास ठरलेली असते. म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे.

नोव्हेंबरात बाबा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत असताना पन्नाशीच्या एका गृहस्थाने पुढे होऊन हात दिला. “काका, सावकाश. माझ्या आईचं अगदी असंच होतं हो. चार वर्षं घराबाहेर पडली नव्हती, आता रोज देवळात चालत जाते.” एवढं बोलून तो गप्प. डॉक्टर कोण, हे बाबांनीच विचारलं. मग “ते फार बिझी असतात, बघतो तुमच्यासाठी” म्हणत त्याने बाबांचा नंबर घेतला. रात्री त्याच्या आईचा म्हणून फोन आला आणि ती बाई माझ्या आईशी बराच वेळ बोलली. कुठला गुडघा, रात्री झोप लागते का, संडासला बसता येतं का, सगळं आस्थेने विचारलं. पैशांचं अवाक्षर नाही. विश्वास बसला तो इथे.

दोन दिवसांनी ‘डॉक्टर’ एका मदतनिसासह घरी आला. घरात गर्दी नको, इन्फेक्शन होतं, असं आधीच बजावलेलं. त्यामुळे आई-बाबा दोघंच होते. त्याने गुडघा दाबून पाहिला, आत पू साचलाय म्हणाला. “एका थेंबाला ३ हजार. आठ-दहा थेंब निघतात साधारण.” बाबा हो म्हणाले. मग ब्लेडने बारीक चिरा दिल्या, त्यावर पितळेची नळी टेकवली, तोंडाने ओढलं आणि पिवळट थेंब कापसावर टाकला. “काका, तुम्हीच मोजा, नंतर वाद नको.” बाबा मोजत गेले. आठ-दहाचे ७१ झाले.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. पण दर मान्य केलेला आणि थेंबही स्वतः मोजलेले, मग नाही कसं म्हणायचं? शब्द पाळणाऱ्या माणसाला त्याच्याच शब्दात अडकवतात हे लोक. कपाटातले २५ हजार दिले, ५० हजार मोबाईलवरून पाठवले आणि उरलेले १ लाख ३८ हजार काढायला तो मदतनीस बाबांना स्कूटरवर बसवून बँकेत घेऊन गेला. कॅशियरने विचारलंच, तर घरच्या कामाला हवेत असं सांगायला शिकवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुखणं होतं तसंच, आणि तिन्ही फोन बंद. बाबांनी आम्हाला काही कळू दिलं नाही. चिरा चिघळून पाय सुजला तेव्हा आईने मला फोन केला. माझी हात जोडून विनंती आहे, अशा वेळी “एवढे शिकलेले असून कसं फसलात?” हे वाक्य तोंडातून काढू नका. याच वाक्याच्या धास्तीने बाबा आठवडाभर ताप अंगावर काढत होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. वयाने होणाऱ्या गुडघेदुखीत हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते. तिथे पू नसतो, मग निघणार कुठून? सांध्यात खरोखर पू झाला तर गुडघा लाल, गरम होतो, सहसा ताप येतो, पाय हलवता येत नाही. ती तातडीची अवस्था असते. रुग्णालयात निर्जंतुक सुईने पाणी काढून तपासतात आणि अँटिबायोटिक्स देतात. तोंडाने ओढून गुडघेदुखी बरी होत नाही.

असं काही घडलं असेल तर पैशांच्या आधी जखमेकडे बघा. ब्लेड आणि नळी आधी कोणाला लावलेली होती हे आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का आणि हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी, एचआयव्हीच्या तपासण्या कधी करायच्या, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. बाबांच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली होती. तपासण्या सुदैवाने ठीक आल्या, पण त्या येईपर्यंत आईला झोप नव्हती.

मोबाईलवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे ५० हजार तोवर पुढे गेले होते. रोख रकमेचा तर मागच नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तपास चालू आहे.

कोणी डॉक्टर म्हणवत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. घरात ज्येष्ठ दोघंच राहत असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि तक्रार करायची तर आजच करा. सोसायटीच्या आणि बँकेच्या कॅमेऱ्यांतलं चित्रीकरण कायम राहत नाही, काही दिवसांनी त्यावर नवं चढतं. ते जपून ठेवा, असं दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आमच्या सोसायटीतलं पुसलं गेलं होतं. बँकेतलं मिळालं आणि त्यात स्कूटरवाल्याचा चेहरा दिसतोय.